शब्दचर्चा : वाइन ‘अनवट’ असू शकते का?

मोठ्या नावाच्या बाटल्या बाजूला ठेवून एखाद्या मुलखातल्या छोट्या वायनऱ्यांमध्ये जावं, तिथल्याच वाणांच्या वाइन चाखाव्यात, या विषयावर मी लेखमाला लिहितोय. जॉर्जियाची सापेरावी, फ्रान्सच्या जुरा भागातली साव्हान्यँ, ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची असिर्तिको, अमेरिकेत मिझुरीत होणारी नॉर्टन ही त्यातली काही नावं. विषय मनाजोगता आहे, पण शब्दांपाशी अडतोय.

पहिली अडचण, कमी माहितीच्या वाइनला काय म्हणावं? ‘अप्रसिद्ध’ म्हटलं की तिच्यात काहीतरी उणं आहे असा वास येतो. ‘गावठी’ आणि ‘देशी’ हे दोन्ही शब्द दारूच्या बाबतीत आधीच दुसऱ्या कामाला जुंपले गेलेत. मला ‘अनवट’ सुचतोय, पण तो रागांपुरताच आहे का?

दुसरी, वायनरीत चार-सहा प्रकार थोडेथोडे ओतून पुढे ठेवतात त्याला काय म्हणाल? ‘चवचाचणी’ प्रयोगशाळेतली वाटते, ‘आस्वाद’ फार भरजरी. आणि तिसरी, ‘वाइन’च ठेवू की ‘द्राक्षासव’ लिहू? जाणकारांनी सांगावं.

*

‘अनवट’ खुशाल वापरा.

अनवट म्हणजे पायाच्या अंगठ्यात घालायचा दागिना, तो अर्थ निराळा. आपला अनवट संगीतातून आला. मैफलीत क्वचित ऐकू येणारा, चलनाला अवघड असा राग तो अनवट. त्याला गाणाऱ्याची तयारी लागते तशी ऐकणाऱ्याचीही. कुणी अनवट राग मांडला तर त्याने कमी दर्जाचा राग घेतला असं कुणी म्हणत नाही, उलट कान टवकारतात. तुम्हाला ‘अप्रसिद्ध’मधलं जे उणेपण नको आहे ते इथे आपोआप टळतं. आणि हा शब्द रागांपुरता आता राहिलेलाही नाही. अनवट वाटा, अनवट विषय असं आपण रोज वाचतो.

तुम्ही जुराचं नाव घेतलंत म्हणून तिथलंच उदाहरण देतो. साव्हान्यँपासून तिथे ‘व्हँ झोन’ नावाची पिवळी वाइन करतात. पिंपातली वाइन हळूहळू उडून जाते. इतर ठिकाणी ती जागा लगेच भरून काढतात, इथे मुद्दाम रिकामी सोडतात. मग वाइनच्या अंगावर यीस्टचा पातळ थर धरतो आणि त्याच्याखाली ती वर्षानुवर्षं पडून राहते. काढणीनंतर 6 वर्षांहून जास्त काळ गेल्यावर ती 620 मिलिलिटरच्या खास बुटक्या बाटलीत भरली जाते. तिच्या वासात अक्रोड असतो आणि चक्क मेथीदाणेही असतात, कारण मेथीला तिचा वास देणारं सोटोलॉन हे द्रव्य या वाइनमध्येही तयार होतं. पहिल्या घोटाला ही वाइन बिघडलीय असं बऱ्याच जणांना वाटतं. तिसऱ्या घोटाला मत बदलायला लागतं. याला अनवट म्हणायचं नाही तर कशाला?

*

वरचं उदाहरण चपखल आहे, पण तो शब्द सगळ्यांना सरसकट लावू नका अशी माझी कळकळीची विनंती. सापेरावी अनवट कशी? जॉर्जियात ती घरोघरची आहे. आपल्याला ती ठाऊक नाही, एवढंच. ‘अपरिचित’ म्हटलं की अपरिचय आपल्याकडे राहतो, तो वाइनचा गुणधर्म होत नाही. जी खरोखर थोडी होते आणि जिभेला शिकवावी लागते ती अनवट. या हिशेबाने व्हँ झोन अनवट, सापेरावी अपरिचित. लेखमालेत दोन्ही शब्द लागतील.

जाता जाता, ‘सापेरावी’ म्हणजे रंग देणारी. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिका असतो आणि वाइनचा रंग सालीतून उतरतो. सापेरावीचा गरही लाल असतो. आपल्या भाषेत ती ‘रंगारी’ झाली असती.

*

तिसऱ्या शंकेबद्दल. ‘द्राक्षासव’ नको. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट ही आयुर्वेदिक औषधांची नावं आहेत. काढा करून आंबवलं की अरिष्ट, न उकळता आंबवलं की आसव. काटेकोर पाहिलं तर वाइन आसवाच्या जवळची आहे खरी, पण वाचकाच्या डोळ्यांपुढे औषधाची बाटली उभी राहील. मराठी बायबलात ‘द्राक्षारस’ आहे आणि तिथे तो शोभतोही. बाहेर मात्र आज द्राक्षारस म्हणजे न आंबवलेला ताजा रस. ‘वाइन’ मराठीत येऊन स्त्रीलिंगी झाली, ‘ती वाइन’ म्हणून रुळली. तिला परत पाठवायचं कारण नाही.

पण जुन्या शब्दांत तुमच्या विषयाला धरून एक फार मोलाची गोष्ट सापडते, ती लेखात यायलाच हवी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात पेयांची जंत्री आहे : मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु. मधु म्हणजे काय तर ‘मृद्वीकारसो मधु’, द्राक्षांचा रस. बाकीच्या पेयांत काय किती घालायचं ते सांगितलंय. मधुबद्दल मात्र एवढंच, की त्याची ओळख त्याच्या मुलखावरून : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी नगरी आजच्या अफगाणिस्तानात बेग्रामच्या परिसरात होती. ‘कापिशायन’ हे रूप साधायला पाणिनीने वेगळं सूत्र दिलंय आणि त्यावर काशिका या पाणिनीवरच्या टीकेतली उदाहरणं आहेत ‘कापिशायनं मधु’ आणि ‘कापिशायनी द्राक्षा’.

युरोपात हीच गोष्ट कायद्याने बांधली गेली. हंगेरीत तोकाईच्या मळ्यांची हद्द 1737 साली राजाज्ञेने ठरली, फ्रान्सने 1935 मध्ये मुलखाच्या नावांना संरक्षण देणारी देशव्यापी व्यवस्था उभी केली. वाइनला गावाचं नाव देणं ही आपल्या भाषेला परकी कल्पना नाहीच. म्हणून ‘प्रादेशिक वाइन’ या सरकारी वळणाच्या शब्दापेक्षा ‘मुलखाची वाइन’ म्हणा.

*

मुलखावरून आठवलं. फ्रेंच ‘तेरवार’ला बरेच जण ‘भूप्रभाव’, ‘मृदावैशिष्ट्य’ असे शब्द पाडतात. आपल्याकडे म्हणच तयार आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणीतला वाण म्हणजे रंग, शेतकऱ्याच्या तोंडी वाण म्हणजे पिकाची जात. द्राक्षांच्या बाबतीत दुसरा अर्थ धरला की ही जोडी नेमकी बसते. वाण वेलीचा, गुण जागेचा. माल्बेक हा वाण फ्रान्समध्ये कायोरला होतो आणि अर्जेंटिनात मेंडोझालाही. कायोरची वाइन काळपट, तुरट, अंगाने राकट. मेंडोझाला डोंगरउतारावरचं कोरडं ऊन मिळतं आणि तोच वाण मऊ, फळांच्या वासाने भरलेला उतरतो. वाण तोच, गुण निराळा. ‘तेरवार’ला ‘जागेचा गुण’ म्हणावं, लगेच कळतं.

सांतोरिनीबद्दल लिहाल तेव्हा तर हा शब्द लागणारच. ज्वालामुखीची राख, जवळजवळ न पडणारा पाऊस आणि घोंघावणारा वारा. म्हणून तिथे वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीलगत टोपलीसारखी गोल वळवतात आणि घड आत झाकलेले राहतात. असिर्तिकोची धारदार आंबट चव, थोडी खारटपणाकडे झुकणारी, ती या जागेची.

*

आता चाखण्याच्या शब्दांकडे वळू, माझा जीव त्यात जास्त आहे.

थोडेथोडे ओतून पुढे ठेवतात त्याला ‘वानगी’ म्हणा. धान्याच्या व्यापारात पोत्यातून मूठभर काढून दाखवतात ती वानगी. ‘वानगीदाखल’ आपण रोज लिहितो आणि त्यातली वानगी विसरतो. ‘पाच वाइनची वानगी पुढे आली’ हे वाक्य मला तरी कुठेच अडत नाही. प्यायच्या मापाला ‘घोट’ मोठा होतो, ‘घुटका’ बरोबर.

वासाच्या बाबतीत ‘सुवास’ टाळा, त्यात निकाल आधीच लागतो. ‘वास’ साधा, सरळ, पुरेसा. पेला हलवल्यावर जो उठतो तो ‘दरवळ’.

सगळ्यात जास्त घोळ आहे ‘ड्राय’चा. शब्दशः ‘कोरडी’ लिहिलं की वाचणारा तोंडाला पडणाऱ्या कोरडीचा विचार करतो आणि तो अनुभव भलत्याच गोष्टीचा असतो. ड्राय म्हणजे यीस्टने जवळजवळ सगळी साखर खाऊन टाकलेली, उरलेली साखर सहसा लिटरला 4 ग्रॅमच्या आत. तिला ‘बिनगोड’ म्हणावं. तोंड कोरडं पडतं ते टॅनिन या तुरट द्रव्यांमुळे. साल, बिया आणि लाकडी पिंप यांतून आलेली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, जीभ टाळूवर घासते. बिनदुधाचा, फार उकळलेला चहा तोंडात धरल्यावर हिरड्या आवळतात ना, अगदी तसं. त्याला आपल्याकडे ‘तुरट’ हा निर्दोष शब्द आहे. वाइन बिनगोड असून तुरट नसेल असं होतं, गोड असून तुरट असेल असंही होतं. हे दोन शब्द एकमेकांपासून दूर ठेवले की निम्मा गोंधळ संपतो.

जुन्या वाइनसाठी ‘मुरलेली’ आणि ‘उतरलेली’ ही जोडी वापरा. काळाने चव एकजीव केली तर मुरलेली, काळाने चव नेली तर उतरलेली. ‘जुनी’ या एका शब्दात हा फरक मावत नाही. बुचाच्या दोषाला मात्र ‘खराब’ म्हणून सोडू नका. ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं द्रव्य बुचातून उतरलं की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि फळांचा वास दबतो. ‘कुबट’ हा शब्द त्यासाठीच घडवल्यासारखा आहे.

शेवटी जिभेवर जे उरतं त्याला ‘फिनिश’ म्हणतात. इथे नाम शोधत बसू नये. ‘चव रेंगाळते’, ‘चव लगेच विरते’, क्रियापदाने काम होतं.

*

‘स्पिटून’ राहिला! वायनरीत तो असतोच, कारण एका दिवसात तीन-चार ठिकाणी जायचं तर प्रत्येक घुटका गिळून चालत नाही, आणि परतीला गाडी चालवणाऱ्याने तर गिळूच नये. ‘पिकदाणी’ म्हटलं की विडा आणि तांबडी पिंक. त्यापेक्षा ‘तस्त’ घ्या. जेवणानंतर हात धुतलेलं, चूळ भरलेलं पाणी ज्यात पडायचं ते भांडं. इथेही चूळच भरायची असते : घुटका तोंडभर फिरवायचा, थोडी हवा आत ओढायची, मग सोडून द्यायचा. छोट्या ठिकाणी यजमान समोर उभे असतात, म्हणून लोकांना थुंकणं अपमानाचं वाटतं. तसं काही नसतं. वाइन करणारी माणसं स्वतः दिवसभर तेच करतात. उरलेली वाइन तस्तात ओतली तरी चालते.

*

पिंपातून थेट वानगी मिळाली तर तिचं वर्णनही घाला. यजमान काचेची लांब नळी पिंपात सोडतात, वरचं टोक अंगठ्याने दाबून धरतात आणि पेल्यावर आणून अंगठा उचलतात. ती वाइन गढूळ असते, काहीशी अवघडलेली, अजून निवळायची असते. ‘निवळणे’ आणि तळाला बसणारा ‘साका’ हे दोन शब्द इथे लागतील. वरची निवळ दुसऱ्या पिंपात काढणं म्हणजे ‘नितारणे’. बाटलीतली जुनी वाइन सुरईत ओततात तेही नितारणंच. जुराच्या पिंपातल्या यीस्टच्या थराला ‘साय’ म्हणावं असं सुचवतो. तिथले लोक ‘बुरखा’ म्हणतात, पण सायीत तो धरण्याचा भाव जास्त आहे.

आणि जॉर्जियाच्या ‘क्वेव्री’ला ‘पुरलेला रांजण’. मातीचा, अंड्याच्या आकाराचा, आतून मेण लावलेला, गळ्यापर्यंत जमिनीत. 2013 मध्ये युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पांढरी द्राक्षं सालीसकट त्यात आंबवली की वाइनला अंबरासारखा रंग येतो. तिला बाहेर ‘ऑरेंज वाइन’ म्हणतात, पण मराठीत ‘संत्र्याची वाइन’ असं कृपा करून लिहू नका. संत्र्याचा तिच्याशी काही संबंध नाही. ‘अंबर वाइन’ ठीक.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. वानगी आणि तस्त आजच कामाला लावतो. ‘अनवट’ आणि ‘अपरिचित’ वेगळे ठेवायचे हेही पटलं, त्यासाठी पहिला लेख पुन्हा लिहावा लागेल आणि तो लिहीन. एक शेवटची शंका : स्लोव्हेनिया आणि इटलीतल्या त्रिएस्तेच्या कार्स्ट पठारावर शेतकरी वर्षातून काही दिवस आपल्या घरी स्वतःची वाइन विकतात, त्याला ‘ओस्मित्सा’ म्हणतात. याला मराठीत काही आहे का?

*

‘ओस्मित्सा’त ‘ओसेम’ आहे, म्हणजे आठ. ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या जोसेफने 1784 साली शेतकऱ्यांना घरची वाइन घरी विकायची मुभा दिली आणि ती आठ दिवसांची असे म्हणून हे नाव. आजही रस्त्याच्या तिठ्यावर हिरवी फांदी टांगलेली असते, ती धरून गेलं की घर सापडतं. आपल्या ‘आठवड्या’तही आठच आहेत, पण तेवढ्यावरून ‘आठवडी’ म्हणू नये, लगेच बाजार डोळ्यांपुढे येतो. मी ‘ओस्मित्सा’ तसाच ठेवेन आणि पहिल्यांदा आला की ‘आठ दिवसांचं उघडं घर’ असं एकदा फोडून सांगेन.