सोलर कोणाकडून लावायचं? लांबच्या कंपनीकडून की तालुक्याच्या मिस्त्रीकडून?

दारव्हेकर_गुरुजी
घरावर ३ किलोवॅटचं सोलर लावतोय. गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याहून १४ किलोमीटर आत. हाती दोन कोटेशन आहेत. नागपूरच्या कंपनीचं १ लाख ९५ हजार, तालुक्यातल्या मोटार वाइंडिंगवाल्याचं १ लाख ७० हजार. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर दोघांचीही नोंदणी आहे आणि ७८ हजारांची सबसिडी कुठूनही लावलं तरी आपल्याच खात्यात येते. मी म्हणतो, जवळचाच बरा. एक एमसीबी उडाली म्हणून नागपूरहून कोण येणार? हा मोटारसायकलवर अर्ध्या तासात दारात उभा राहील.

वर्धेची_सून
गुरुजी, आम्हीही 'आपला माणूस' म्हणूनच एकाला काम दिलं. अर्थिंगला खड्डाच नाही! तार भिंतीवरून खाली आणली आणि तुळशीजवळच्या मातीत वीतभर खोचून दिली. स्लॅबला भोकं पाडून पॅनलचा लोखंडी सांगाडा, म्हणजे स्ट्रक्चर, ठोकलं, बुडाशी सिमेंटचा ठोकळासुद्धा भरला नाही. मृगाच्या पहिल्याच पावसात देवघरात टपटप. आणि भांडणार कसं? महिन्यापूर्वीच त्याच्या पोरीच्या लग्नात जेवून आलो होतो. सासरे म्हणाले, जाऊ दे. कंपनीशी निदान तोंड उघडून भांडता तरी येतं.

काऊन_भाऊ
ताई, कंपनीवाले काय सोन्याचे हायेत? आमच्याकडं शर्ट इन केलेला पोरगा आला. म्हणे लाईट गेली तरी पंखा फिरन. वादळात रात्रभर लाईट गेली, दुसऱ्या दिवशी डोक्यावर ऊन अन् घरात पंखा बंद! फोन केला तं म्हणे ऑन-ग्रिडमध्ये, म्हणजे बॅटरी नसलेल्या, लाइनीले जोडलेल्या सोलरमध्ये, असंच असते, खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून सोलरचं इन्व्हर्टर स्वतःच बंद होते. बरोबर हाय, पटलं मले. पण सही घ्याच्या आधी हे सांगाले काऊन तोंड उघडलं नाई? बॅटरीवालं हायब्रीड घेतलं असतं ना मी.

छतावरचा_माणूस
मी याच धंद्यात आहे, म्हणून राहवत नाही. जवळचा की लांबचा, हा वादच चुकीचा. कोटेशनमध्ये काय लिहिलंय ते वाचा. पॅनल डीसीआरचं, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलं, हवं; नाहीतर सबसिडी विसरा. पॅनल नि इन्व्हर्टरचा मेक-मॉडेल, स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड आहे का, अर्थिंगचे खड्डे किती, तडितरोधक आहे का, सगळं कागदावर घ्या. योजनेत ५ वर्षांची देखभाल बसवणाऱ्याच्याच अंगावर आहे, करारात ती ओळ शोधा.
आणि ग्राहकांनाही एक सांगतो. ऊन कडक म्हणजे वीज जास्त, असं नसतं. पॅनलचे वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात तेच पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, तेव्हा क्षमता १४ टक्क्यांच्या आसपास घसरते. ३ किलोवॅटला वर्षाची सरासरी दिवसाला १२ युनिट धरा. एका दुपारचा आकडा पाहून मला चोर म्हणू नका.

दारव्हेकर_गुरुजी
कागद ठीक, पण कागद हलवायला माणूस जवळ लागतोच. मी असं ठरवलंय की शेवटचे २५ हजार नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) लागून युनिट मोजायला लागल्यावरच द्यायचे.

छतावरचा_माणूस
हे मला मान्य नाही. मीटर बसणं माझ्या हातात नसतं, माल मात्र मी रोखीने उचललेला असतो. १० हजार ठेवा, चालेल. २५ हजार अडकवलेत तर चांगला मिस्त्री तुमचं काम घेणारच नाही, मग जो घेईल त्याचं काम तुम्हीच भोगा.

वर्धेची_सून
मी तर २५ हजारच ठेवीन. आणि गुरुजी, स्ट्रक्चर उंच घ्या, माणूस उभा राहील एवढं. आमचं गुडघ्याएवढं लावलं. आता कुरड्या-सांडगे घालायला शेजारणीच्या गच्चीवर जावं लागतं, आणि झाडलोट करायला आलेला पोरगा पॅनलवर पाय देऊनच पलीकडे जातो. वानरं उड्या मारतात ती वेगळीच.

दारव्हेकर_गुरुजी
उंचीचं डोक्यातच आलं नव्हतं. वाइंडिंगवाल्याने दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात एक काम केलंय. रविवारी त्यालाच घेऊन बघून येतो.

काऊन_भाऊ
त्याले कायले नेता गुरुजी? एकटेच जा. तो संगं असला तं घरवाला खरं सांगन काय?