डीले पेडल दादऱ्याच्या ठेक्यात बसत नाही, कानबाईच्या आधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. गल्लीतल्या ग्रुपमध्ये गिटार वाजवतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसेल, सोमवारी विसर्जनाची मिरवणूक. दोन्ही दिवस वाजवायचं आमच्याकडेच आहे, म्हणून जरा घाईने विचारतोय.

महिन्यापूर्वी बॉस कंपनीचं डीडी-३ डीले पेडल जुनं घेतलं, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारं. पेडल ठणठणीत आहे, अडतंय ते माझ्या सेटिंगला. चार नॉब आहेत: ई लेव्हल (परतणारा आवाज किती मोठा), एफ बॅक (तो किती वेळा परतावा), डी टाइम (किती वेळाने परतावा) आणि मोड (त्या वेळेचा पल्ला). सगळीकडे सांगतात की टाइम पाऊण ठोक्याचा ठेवा, म्हणजे १२० च्या लयीला ३७५ मिलिसेकंद. सिनेमाच्या गाण्यांना ते छान बसतं. पण अहिराणी गाणी सुरू झाली, ढोलकीने दादरा धरला, की माझा परतलेला आवाज दोन मात्रांच्या मधेच पडतो. बायका गात असतात, त्यांचाही ताल चुकतो. हे मला फार लागतं, कारण गाणी त्यांची आहेत.

दुसरं म्हणजे ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज फाटका करणारं पेडल) लावला की सगळा चिखल होतो. जोडणी अशी: गिटार, डीले, ओव्हरड्राइव्ह, मग मिक्सर.

प्रतिसाद १
भाऊ, पाऊण ठोक्याचा हिशोब चार-चारच्या लयीचा आहे. तुमचा दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचा. तिथे मात्रा मोजा. ढोलकीवाल्याला दहा आवर्तनं वाजवायला सांगा आणि मोबाइलवर वेळ घ्या. समजा १५ सेकंद लागले, तर एक आवर्तन दीड सेकंदाचं, एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. तीन मात्रा म्हणजे ७५०. समेवर (पहिल्या मात्रेवर) छेडलेला सूर बरोबर खालीच्या (चौथ्या) मात्रेवर परत येईल.

मोड ८०० वर ठेवा, त्यात २०० ते ८०० मिलिसेकंद मिळतात. डी टाइमवर आकडे छापलेले नाहीत, तेव्हा कानानेच लावायचं. नॉब पूर्ण उजवीकडे न्या, तारा दाबून नुसता 'टक' वाजवा आणि परतलेला टक खालीच्या मात्रेवर पडेपर्यंत हळूहळू मागे या. एफ बॅक इतकाच की एक-दोनदा परत यावं. तो जास्त उघडला तर आधीचे आवाज विरायच्या आत नवे येतात आणि ढीग साचतो. ई लेव्हलने फक्त परतणारा आवाज वाढतो, मूळ गिटार तेवढीच राहते, म्हणून हा नॉब निम्म्याच्या खालीच असू द्या.

चिखलाचं कारण जोडणी. ओव्हरड्राइव्ह आधी घ्या, डीले नंतर. आत्ता मूळ सूर आणि त्याचे पडसाद एकत्रच फाटतायत.

प्रतिसाद २
वरचं सगळं रविवारसाठी ठीक. सोमवारी मिरवणुकीत लय चढत जाते, नाचणारे रंगले की ढोलकी थांबत नाही. डीडी-३ ला पायाने लय देता येत नाही आणि गाडीवर वाकून नॉब फिरवणं जमत नाही. तिथे मोड २०० वर, टाइम साधारण मधोमध, एफ बॅक पूर्ण बंद. एकच जवळचा पडसाद येतो, तो सुराला चिकटूनच ऐकू येतो. लय कितीही बदलली तरी खटकत नाही. आम्ही धुळ्याकडे लग्नात असंच वाजवतो.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री करून पाहिलं. आमची दहा आवर्तनं १४ सेकंदांत झाली, म्हणजे तीन मात्रा ७००. खालीच्या मात्रेवर पडसाद आला तेव्हा ढोलकीवाल्याने स्वतःहून मान हलवली. जोडणी बदलल्यावर चिखलही गेला. दोन्ही दिवसांच्या जागा नॉबभोवती पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यांनी दाखवल्या आहेत.

एकच राहिलं: काही गाणी बायका फार संथ उचलतात, तिथे तीन मात्रा ८०० च्या पुढे जातात. तेव्हा दोन मात्रांवर यावं की डीले बंदच ठेवावं?

प्रतिसाद १
बंद ठेवा भाऊ. संथ गाण्यात त्यांचा आवाज मोकळा ऐकू येऊ द्या.