कान्होजी आंग्रेंचे किल्ले आणि गावं: पाच-सहा दिवसांत कसं बसवायचं?

सागरवाट
नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये पुण्याहून आमच्या गाडीने कोकणात जायचंय आणि यावेळी नुसतं बीच-रिसॉर्ट नको असं ठरलंय. आमची लेक आठवीत आहे, गेलं वर्षभर तिने कान्होजी आंग्रेंचं मिळेल ते वाचून काढलंय, त्यामुळे ट्रिप पूर्ण सरखेलांच्या, म्हणजे मराठा आरमाराच्या या प्रमुखांच्या, मागावर करायची आहे. डोक्यात खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे चार आहेत. सोबत बाबा आहेत, सत्तरीच्या पुढचे, गुडघ्यांचा त्रास आहे पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त.

विचारायचंय ते असं की क्रम कसा ठेवावा, वरून खाली की खालून वर? बाबांना कुठे नेता येईल आणि कुठे नाही? आणि एका नातेवाईकांनी सांगितलं की कुलाबा युनेस्कोच्या यादीत नाही, तो सोडा आणि तो दिवस दुसरीकडे द्या, तर हे पटण्यासारखं आहे का? किल्ल्यांशिवाय आंग्र्यांशी संबंधित गावात काही बघण्यासारखं असेल तर तेही सांगा. वेळ पाच दिवस, फार तर सहा.

खाडीपलीकडे
ताई, आधी कुलाब्याचं बोलतो कारण तो सल्ला वाचून राहवलं नाही. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले यादीत गेले त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आहेत आणि कुलाबा नाही, हे बरोबर. पण कान्होजींची राजधानी म्हणाल तर ती अलिबागच्या समुद्रातला हा कुलाबाच. इथे बसून त्यांनी कारभार केला, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन चालून आले ते याच किल्ल्यावर आणि हात हलवत परत गेले, आणि ४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले तेही अलिबागलाच. कान्होजींची ट्रिप म्हणायची आणि कुलाबा गाळायचा हे मला तरी पटणारच नाही. वेळ कमी पडला तर खांदेरी गाळा, कुलाबा नको.

क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. पुणे ते अलिबाग, मग रेवदंडा, मुरूड, आगरदांड्याहून गाडी फेरीबोटीत घालून दिघी, पुढे श्रीवर्धन हरिहरेश्वर, बागमांडल्याहून परत फेरीबोट ती वेश्वीला, आणि केळशी आंजर्ले करत हर्णै, सुवर्णदुर्ग तिथेच. तिथून दाभोळ-धोपावे फेरीबोट, गुहागर, तवसाळ-जयगड फेरीबोट, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर आणि विजयदुर्ग. परतताना तळेऱ्यावरून वैभववाडी, घाट चढून गगनबावडा, कोल्हापूर आणि हायवेने पुणे, म्हणजे तोच रस्ता दोनदा होत नाही. नकाशात अंतरं छोटी दिसतात पण किनाऱ्याचा रस्ता वळणावळणाचा आणि फेरीबोटीला कधी कधी रांग असते, त्यामुळे एका दिवशी दोन किल्ले बसवायचा प्रयत्न करू नका.

अजून एक, या क्रमात गोष्टही नीट उलगडते. अलिबागला वैभव बघायचं, हर्णैला सुरुवात कळते आणि विजयदुर्गाला शेवट.

ओहोटीवाला
तारीख ठरवायच्या आधी पंचांग उघडा, हे सगळ्यात महत्त्वाचं. कुलाब्याला ओहोटीत चालत किंवा घोडागाडीने जातात, भरती असली की मध्ये समुद्र. लोक दुपारी बाराला अलिबाग बीचवर येतात, पाणी बघतात आणि लांबूनच फोटो काढून जातात, इतकं वाईट वाटतं ना.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगतो, कोळी अजूनही वापरतात. तिथीचा पाऊण करायचा, तेवढे वाजता भरती पूर्ण. म्हणजे चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, तीनच्या आसपास भरती, मग त्याच्या सहा तास आधी म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला बाराला भरती आणि ओहोटी सकाळी सहाला, सहाला उठून बाबांना पाण्यात कुठे उतरवणार. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते ती वेळ बरी वाटते, पण तेव्हा भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, पाणी पुरतं मागे हटत नाही आणि मध्ये गुडघाभर राहू शकतं. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया, चतुर्थी, पंचमी बघा, उधाणाचा जोर अजून असतो त्यामुळे वाळू चांगली उघडी पडते आणि वेळही सोयीची. ऐन ओहोटीच्या दीड तास आधी निघा, किल्ला बघा आणि पाणी चढायला लागायच्या आत परत या. हिशेब अंदाजाचा आहे, त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

बाबांसाठी घोडागाडी उत्तम. आत किल्ला बराचसा सपाट आहे. लेकीला एक गोष्ट हाताने चाचपून बघायला सांगा, तटाचे मोठमोठे दगड नुसते एकावर एक ठेवलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि जोर तिथेच मरतो, म्हणून इतकी वर्षं समुद्रात उभा आहे. उत्तरेकडच्या तटाजवळ चाकाच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव कोरलंय, सगळे त्यांच्यासोबत फोटो काढतात पण त्या कान्होजींच्या काळातल्या नाहीत, खूप नंतरच्या आहेत. गणपती पंचायतनाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं, शेजारी गोड्या पाण्याचा तलाव. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी, यावरच किल्ला लढायचा.

वेताळवाडी
खांदेरी गाळा म्हणू नका हो दादा 🙂 मी थळची. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये हे बेट बांधायला घेतलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती, समुद्रात लढाई झाली, सिद्दी येऊन शेजारच्या उंदेरीवर बसला, पण खांदेरी काही सुटली नाही. कान्होजींच्या वेळी १७१८ मध्ये इंग्रज पुन्हा आले, तेव्हाही तसेच परतले. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांचं ठाणं, म्हणजे आत-बाहेर होणारं प्रत्येक जहाज यांच्या नजरेखाली. बेटावर उभं राहिलं की हे पुस्तकाशिवाय कळतं, तुमच्या लेकीला तर नक्की.

थळहून होडी मिळते, सकाळी लवकर निघायचं, दुपारनंतर वारा वाढतो. बेटावर १८६७ चं दीपगृह आहे, त्याला आता कान्होजींचंच नाव आहे. आमच्या वेताळाचं देऊळ आहे, मूर्ती नाही, मोठी शिळा आहे, कोळी लोकांची फार श्रद्धा, आधी तिथे नमस्कार करा मग फिरा. आणि एक दगड आहे, त्यावर दुसऱ्या दगडाने ठोकलं की भांड्यासारखा आवाज येतो. उंदेरी फक्त होडीतून बघा, तिथे उतरणं धोक्याचं. बाबांना होडीत चढ-उतार जमत असेल तरच न्या.

हर्णैकर भाचा
सुवर्णदुर्गाबद्दल. कान्होजींचे वडील तुकोजी याच किल्ल्यावर चाकरीत होते, कान्होजींचं लहानपण हर्णैच्या परिसरातलं आणि सिद्दीचा वेढा पडला तेव्हा त्यांनी किल्ला राखला, नाव झालं ते इथून. हर्णै बंदरातून होड्या जातात, पण बेटाला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरावं लागतं, आणि आत झाडी काटेरी आहे, वाटा धड नाहीत, फुल पँट आणि बूट हवेत. बाबांना न्यायचं नाही, स्पष्ट सांगतो.

पण त्यांची सोय आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग आहे, वर दीपगृह आहे, थोड्या पायऱ्या आहेत, तिथून सुवर्णदुर्ग समोरच. फत्तेगड आणि गोवा किल्ला पण तिथेच, म्हणजे एका जलदुर्गाला किनाऱ्यावरून तीन पहारेकरी. किंवा आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्या, तिथून सगळं एका नजरेत दिसतं.

तुम्ही बेटावर जाल तेव्हा महादरवाजा शोधावा लागतो, बुरुजांच्या मागे असा लपवलाय की समोरून तोफ लागूच नये. पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीवर मारुती, घाईत लोक कासवावर पाय देऊन पुढे जातात, तुम्ही थांबा आणि बघा. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघा, दर्यावर जगणारा गाव म्हणजे काय ते तिथे समजतं.

गलबत
वरच्या सगळ्यांनी छान लिहिलंय, विजयदुर्गाचं मी घेतो. ताई, इथे पूर्ण दिवस द्या, अर्धा नको. गाडी अगदी जवळ जाते, बाबा आरामात आत येऊ शकतात, तटावर चढायचं नसेल तर खालून फिरा. तिहेरी तटबंदी, आत खुबलढा बुरूज, कोठारं, सदर. इंग्रजांनी १७१७ ला प्रयत्न केला, १७२० ला तरंगता तोफखाना बांधून आणला, डच १७२४ ला आले, तिन्ही वेळा कोणाला काही जमलं नाही. काही वर्षांपूर्वी पावसात तटाचा भाग ढासळला, त्यामुळे कडेला जाऊ नका, लेकीवर लक्ष ठेवा.

किल्ला बघून निघालात की गिर्ये गावाला जा. वाघोटण खाडीच्या काठावर आंग्र्यांची गोदी आहे, खडक फोडून केलेली, जहाजं इथे ओढून दुरुस्त व्हायची. किल्ले सगळे बघतात, गोदी फार थोडे, आणि आरमार समजायचं तर गोदीच बघायला हवी. गुराबा, गलबतं, पाल ही जहाजं काय आभाळातून पडत नव्हती, सुतार, लोहार, खलाशी, दोर वळणारे अशी किती माणसं त्यामागे होती. ओहोटीला जा, आकार नीट दिसतो. गिर्येच्या रामेश्वर मंदिरात पण जा, संभाजी आंग्र्यांची समाधी तिथेच आहे.

लेक विचारेल की मग एवढं आरमार गेलं कुठे, तर खरं ते सांगा. कान्होजींच्या मागे मुलांत वाटण्या झाल्या, मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे, त्याच्यामागे तुळाजी. तुळाजीचं आणि नानासाहेब पेशव्यांचं बिनसलं, पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं, १७५५ ला सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, खाडीत आरमार जळालं. आपलं आरमार आपणच बुडवायला मदत केली, मला हे वाचताना आजही राग येतो.

सागरवाट
बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. तिथीचा हिशेब बाबांना सांगितला तर ते लगेच पंचांग घेऊन बसले. कुलाबा पक्का, खांदेरीला मी आणि लेक जाऊ, बाबा आणि हे तोवर अलिबाग फिरतील. तिथे कान्होजींची समाधी आहे ना? आणि हिराकोट आतून बघता येतो का? अजून एक, लेकीच्या एका पुस्तकात त्यांना समुद्री चाचा लिहिलंय, ती भयंकर चिडली आहे, तिला काय सांगू?

खाडीपलीकडे
समाधी अलिबागमध्येच, छत्रीबागेत, घराण्यातल्या इतरांच्याही तिथे आहेत, शांत जागा आहे, बाबांना आवडेल. हिराकोट कान्होजींनी १७२० मध्ये बांधला पण आता तिथे तुरुंग आहे, आत सोडत नाहीत, बाहेरून आणि शेजारच्या तलावाकडून बघायचा.

चाच्याबद्दल, तिचं चिडणं बरोबर आहे. सरखेल हे छत्रपतींनी दिलेलं पद होतं, स्वतः लावून घेतलेलं नाही. आधी ते ताराबाईंच्या बाजूला होते, १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांकडे आणलं, चाच्याशी कोणी असा तह करायला जातं का? जहाजाने दस्तक म्हणजे परवाना घ्यायचा, घेतला तर सुरक्षित जायचं, नाही घेतला तर जहाज पकडलं जायचं, आणि पोर्तुगीज तर आपल्या समुद्रात हेच त्यांच्या आधीपासून करत होते. आपल्या किनाऱ्यावर आपण परवाना मागितला म्हणून इंग्रजांनी चाचा म्हटलं. आज मुंबईत नौदलाचा तळ आयएनएस आंग्रे या नावाने आहे, हे तिला जरूर सांगा.

ओहोटीवाला
ताई, बाबांनी तारीख काढली की इथे टाका, त्या दिवसाची ओहोटीची वेळ मी पण पडताळून सांगतो. खांदेरी आणि कुलाबा मात्र वेगवेगळ्या दिवशी ठेवा, दोन्ही सकाळचेच आहेत.