'डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर'ला मराठीत काय म्हणावं?

कंसबहाद्दर: बड फॉस्टर या अमेरिकन कॉलेज फुटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द मराठीत लिहायची आहे. १९८७ साली मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्याबरोबर मरे स्टेट विद्यापीठातून व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, लाइनबॅकर्सचे (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंचे) प्रशिक्षक म्हणून. १९९५ मध्ये रॉड शार्पलेस यांच्या जोडीनं 'को-डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर', म्हणजे संघाचा बचाव आखणारे दोघं, मग एकटेच, ते थेट २०१९ च्या हंगामापर्यंत. 'सह-बचाव समन्वयक' लिहिलं तर वाचणारे शार्पलेसना वरचे आणि फॉस्टरना हाताखालचे समजतात.

तळटीप: समजणारच. सहसंचालक संचालकाच्या खालीच बसतो. 'सह' म्हणजे बरोबरीचा, हा अर्थ सरकारी पाट्यांनी केव्हाच खाल्ला. 'संयुक्त' लिहा. आणि 'समन्वयक' नकोच, तो शिबिराचा असतो, बॅनर आणि नाश्ता बघणारा.

फळीकर: समन्वयक कामामुळेच बसत नाही. हा माणूस प्रत्येक चालीआधी ११ जणांची रचना ठरवतो. दोन चालींमध्ये घड्याळ ४० सेकंदांचं. २०२४ पासून कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या विभागात एका बचावपटूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचवता येतो, पण १५ सेकंद उरले की तो बंद. म्हणजे समोर कोण बदलून आलं ते पाहणं, रचना निवडणं, सांगणं, सगळं २५ सेकंदांत. उशीर झाला की निम्मे खेळाडू जुन्या रचनेत, निम्मे नव्या, आणि मागे समोरच्या संघाचा एक जण मोकळा सुटलेला. 'बचावप्रमुख' म्हणा.

तळटीप: पण हुद्द्यानं तो सहायक प्रशिक्षकच. ब्रॉइल्स पुरस्कार सहायकांसाठी आहे आणि २००६ चा फॉस्टरना मिळाला. 'प्रमुख' लिहिलंत तर पुढच्याच वाक्यात त्याला सहायकाचा पुरस्कार कसा देणार?

शुद्धमती: मुळात 'बचाव' हिंदीतून आलेला. खो-खोत 'संरक्षक' आहे की, तो घ्या.

फळीकर: खो-खोतला संरक्षक पळतो. इथला पळणाऱ्याला पाडतो. 'बचाव पक्ष' कोर्टात इतकी वर्षं चालतोय, तिथे कुणी हरकत घेतली नाही. कबड्डीकडे वळा, टॅकलला, म्हणजे या पाडण्याला, 'पकड' तयारच आहे.

तळटीप: टॅकल हे जागेचंही नाव आहे, बचावाच्या पहिल्या फळीत मधोमध उभे राहतात ते दोघं. त्यांना 'पकड' म्हणणार? आणि ब्लिट्झला 'चढाई' म्हणालात तर कबड्डीवाले हसतील, चढाई करणारा तो आक्रमक.

फळीकर: ब्लिट्झला 'धाड'. लाइनबॅकर जागा सोडून क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर, धावतो. तो पोचला तर ठीक, नाही तर त्यानं सोडलेल्या जागेतच छोटा पास पडतो.

शुद्धमती: धाड दरोडेखोर घालतात, नाहीतर इन्कम टॅक्सवाले.

फळीकर: दोघंही आगाऊ कळवत नाहीत. म्हणून तर शब्द बसतो.

नाणेघाट: फॉस्टरांची ४-२-५, पुढे ४, मध्ये २ लाइनबॅकर, मागे ५. मागे पाच झाले की एरवी 'निकेल' म्हणतात, म्हणजे ५ सेंटचं नाणं. सहा झाले की 'डाइम', १० सेंट. सहाचा आणि दहाचा संबंध नाही. पाचव्याचं नाव निकेल पडलं, आणखी एक निकेल आला, दोन निकेलची एक डाइम. आपल्याकडे चवली २ आण्यांची, पावली ४ आण्यांची. हिशेब तंतोतंत! चवली रचना, पावली रचना.

कंसबहाद्दर: सुंदर, पण चवली समजवायला वेगळी टीप लागेल. पदाचं काय ठरलं?

शुद्धमती: पावली पाव रुपयाची, कबूल. चवलीत 'चार' आहे असं मानलं, तर ती २ आण्यांना कशी?

नाणेघाट: चार अर्धे आणे.

शुद्धमती: हे आत्ता जुळवलंत.

तळटीप: फॉस्टरांच्या बचावाची खूण म्हणजे 'लंच पेल', खाणकामगार जेवण नेत तसला पत्र्याचा, १९९५ पासून. तो 'डबा'. यावर तरी वाद नसावा.

शुद्धमती: डबा की डब्बा?