चिंबोऱ्या, कुर्ल्या, खेकडे: तुमच्या घरी कसे होतात? (अनुभव धागा)

मंडळी, जून लागला की मासेबाजार रोडावतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी, यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या, जे काही पापलेट-सुरमई दिसतं ते बर्फातलं आणि त्याचा भाव विचारायची सोय नाही. मग टोपलीत पुढे येतात त्या खाडीच्या चिंबोऱ्या. शेतातले मुठे म्हणजे छोटे खेकडे, ओढ्यातले खेकडेही याच दिवसांतले. खायला घरात सगळे पुढे, साफ करायला मात्र कुणी सापडत नाही. म्हणून हा धागा. पाककृती कुठेही मिळते. इथे लिहा ते तुम्ही घरी काय करता, कुणाकडून शिकलात, आणि कुठल्या बाबतीत तडजोड करत नाही.

सुरुवात मीच करते. आम्ही ठाण्याचे, खाडीच्या बाजूला वाढलेले. माझं मत असं की चिंबोरीचं कालवण बाजारात आणि मोरीतच जमतं किंवा फसतं. गॅसवर चढेपर्यंत निकाल लागलेला असतो. घेताना मी आकार बघतच नाही, दोरीने बांधलेली चिंबोरी तळहातावर घेऊन वजन बघते. मोठी दिसते आणि हलकी लागते ती नुकतीच कात टाकलेली. नवं कवच मोठं, आत मांस कमी नि पाणी जास्त. मग उलटी करून मागच्या पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबायची. कवच दबलं तर परत टोपलीत. पोटावरचा पडदा निमुळता असेल तर नर, त्याचे डेंगे, म्हणजे पुढच्या मोठ्या नांग्या, भरदार. पडदा रुंद, अर्धगोल असेल तर मादी, तिच्यात लाख, म्हणजे आतली नारिंगी गाभोळी, मिळायची शक्यता. पण पडद्याबाहेर अंड्यांचा पुंजका लोंबत असेल तर ती मी घेत नाही आणि विकणारीलाही तसं तोंडावर सांगते. लाख वेगळी, ती आत कवचाखाली असते. बाहेर आलेली अंडी म्हणजे पुढच्या वर्षांच्या चिंबोऱ्या.

आता तुम्ही लिहा.

पेणहून

आमच्याकडे बाजारात पहिला प्रश्न एकच, "जिती हाय ना?" खाडीची काळी चिंबोरी मेलेली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नये, फार लवकर खराब होते.

साफ कशी करायची ते सविस्तर लिहिते, कारण लोक इथेच घाबरतात. दोरी आधी अजिबात सोडायची नाही. बांधलेली चिंबोरी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायची, ती सुन्न होते. आमची आजी हे न करता सरळ हात घालायची, पण तिचे हात वेगळे होते. बाहेर काढल्यावर उलटी ठेवून पोटाच्या पडद्याखाली मधोमध जाड सुरीचं टोक घालायचं. हालचाल पूर्ण थांबली की मगच दोरी. मोठे डेंगे मुळाशी पिरगळले की सुटतात. ते ब्रशने घासायचे, सांध्यांत चिखल असतो. पडदा उचलून तोडायचा. मग मागच्या बाजूने अंगठा घालून पाठ वर उचलायची, एका झटक्यात उघडते.

आता घाई नको. दोन्ही बाजूंना राखाडी, मऊ, बोटांसारखे लांबट कल्ले दिसतील. ते सगळे काढून टाकायचे, आणि पुढे डोळ्यांपाशी छोटी पिशवी असते तीही. नारिंगी दिसते ती लाख, पिवळसर मऊ दिसतो तोही खायचाच भाग. हे चमच्याने वाटीत काढून ठेवायचं. पाठ उघडल्यावर नळाखाली धरणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. लाख गटारात आणि पोकळ कवचं पातेल्यात! धुवायची ती न उघडता, वरून.

पाठ काढल्यावर उरतो तो मधला मांसाचा भाग म्हणजे पेंदा, त्याचे दोन तुकडे. बारीक पाय फेकून द्यायचे नाहीत, थोडं पाणी घालून मिक्सरला फिरवायचे आणि फडक्यातून दोनदा गाळायचे. एकदा गाळून भागत नाही, कवचाची कच दाताखाली येते. हाच रस कालवणाचा जीव.

लाख भरपूर निघाली तर आम्ही भरलेल्या करतो. बेसन कोरडं भाजून त्यात लाख, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, आगरी मसाला, मीठ, थोडं तेल. हे रिकाम्या पाठीत दाबून भरायचं, वर पेंदा बसवायचा आणि पांढऱ्या दोऱ्याने बांधायचं. उकळत्या रश्श्यात सोडल्यावर ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं.

वेंगुर्ल्याहून

पेणच्या ताईंनी लाखेबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आमची आये बाजारात एकच सांगायची, "हलकी लागली तर ठेव थंयच." दुसरा नियम अमावास्येचा. अमावास्येच्या आसपासची कुर्ली भरलेली, पुनवेची पोकळ, असं आमच्याकडे सगळेच मानतात, विकणारीसुद्धा. ती तर पुनवेला गिऱ्हाईक कमी म्हणून भाव उतरवते. मला पुनवेला भरलेल्या कुर्ल्याही मिळाल्यात आणि अमावास्येला पाण्याच्याही. तिथी बघून जा हवं तर, पण दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आमचं वाटप: कांदा नि ओलं खोबरं वेगवेगळं खमंग भाजायचं. खोबऱ्याचा रंग तांबूस, काळा नको. त्यात धणे, चार मिरी, दोन लवंगा, किंचित बडीशेप. मालवणी मसाला फोडणीत. कुर्ल्या परतून झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची, मग वाटप. पायांचा रस सगळ्यात शेवटी, आच एकदम मंद करून, धार धरून आणि दुसऱ्या हाताने हलवत. रश्श्याला खळाखळा उकळी असताना रस ओतलात तर त्याच्या गाठी होतात आणि वर चोथा तरंगतो. रस गेल्यावर हळू उकळी येऊ द्या, तीन-चार मिनिटं ठेवा आणि दोन-तीन कोकमं टाकून उतरवा. टोमॅटो घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे जेवायला जात नाही.

सोबत घावणे. भात दुसऱ्या वाढीला.

पुण्याहून, चौथ्या मजल्यावरून

आम्ही देशावरचे, बायको रायगडची. त्यामुळे लग्नानंतर शिकलेली विद्या. आमच्या मासळीबाजारात विक्रेते साफ करून देतात, पण समोर उभं राहावं लागतं. "पायांचे तुकडे टाकू नका, पिशवीत द्या" हे आधीच बजावून ठेवायचं, आणि लाखही सोबत मागून घ्यायची.

घरी डेंगे फोडायचं काम माझं. ओट्यावर बत्त्याने ठोकले की खालच्या काकू वर येतात, म्हणून जाड फडक्यात गुंडाळून जमिनीवर चौपदरी गोधडी घालून एकेक हलका ठोका. तडा जायला हवा, चुरा नको. चुरा झाला की मांसात कवच मिसळतं आणि मसाला आत जायच्या ऐवजी मांस बाहेर येतं.

मुलीने विचारलं होतं, हिरवट-काळी चिंबोरी शिजल्यावर लाल का होते? लाल रंगद्रव्य कवचात आधीपासूनच असतं, पण एका प्रथिनाशी जखडलेलं असल्यामुळे गडद दिसतं. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि रंग मोकळा होतो. तेव्हापासून झाकण उघडायचा मान तिचा. मात्र रंग बदलला म्हणजे शिजली असं नाही. पेंद्यातलं मांस पांढरं, घट्ट झालंय का ते बघावं.

मुरबाडच्या बाजूने

इथे सगळे खाडीचं बोलतायत, म्हणून आमच्या मुठ्यांबद्दल लिहितो. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले, भातखाचरांत पाणी साचलं की रात्री बॅटरी घेऊन निघायचं. एकाने उजेड धरायचा, दुसऱ्याने मागून पाठीवर पंजा ठेवून उचलायचं. समोरून हात घातला की चावलाच. चावला तर ओढाओढ करू नये, हात पाण्यात धरून गप्प राहावं, बहुतेक वेळा तो स्वतःच सोडतो. हल्ली शेतात औषधं मारतात तिथले आम्ही धरत नाही, वरच्या माळाकडच्या ओहोळातले धरतो.

मुठा लहान, त्यात काढून खाण्यासारखं मांस बेताचं. त्याची खरी मजा रसाची. पाठ नि कल्ले काढून बाकीचं सगळं उखळात कुटायचं, पाणी घालून गाळायचं. लसूण ठेचून फोडणी, घरचा मसाला, गाळलेलं पाणी, आणि दाटपणासाठी चमचाभर तांदळाचं पीठ. पेला भरून गरम गरम प्यायचं. नाक वाहत असेल तर मोकळं होतं, असं आमच्याकडे म्हातारीकोतारी सांगतात. मसाल्याचा भाग असेल, मुठ्याचाही असेल. तांदळाच्या भाकरीबरोबर खाताना बोलायला फुरसत नसते. काही जण निखाऱ्यावर भाजून मीठ लावून खातात.

एक डॉक्टर, पूर्वी मणिपूरला नेमणूक

मुरबाडच्या दादांच्या शेवटच्या वाक्यावर थांबले. भाजलेला मुठा आतपर्यंत शिजला असेल याची खात्री करा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुफ्फुसात शिरणाऱ्या एका चपट्या कृमीच्या अळ्या असू शकतात. मणिपूरमध्ये अर्धेकच्चे खेकडे खाल्ल्याने झालेल्या या आजाराच्या बऱ्याच नोंदी आहेत. खोकला, थुंकीतून रक्त, त्यामुळे क्षयाची शंका येते आणि उपचार भलत्याच दिशेने जातात. खेकडा नीट शिजला की ती अळी मरते, भीतीचं कारण नाही.

पण वर सगळ्यांनी कच्चा रस गाळायचं लिहिलंय, त्यातली एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ते फडकं, ते मिक्सरचं भांडं, ती सुरी, विळी: ओढ्याचा खेकडा असेल तर हे सगळं लगेच गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. त्याच सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरू नका. आणि रस घातल्यावर "आता उतरवू" नको, उकळी आलीच पाहिजे. वेंगुर्ल्याची पद्धत बरोबर आहे.

मडगावहून

थोडक्यात लिहिते. आमच्या घरी शेकशेक, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा दाट रस, पावाबरोबर. समुद्राच्या कुर्ल्या घेतो, तीन ठिपक्यांच्या नाहीतर पाठीवर क्रुसासारखी खूण असलेल्या. यांचं कवच पातळ, मांस गोड, फोडायला बत्ता लागत नाही. या बाजारात जिवंत क्वचित मिळतात, म्हणून वास घ्या आणि पाय ओढून बघा. ताज्या कुर्लीचा पाय सहज हातात येत नाही. अमोनियासारखा उग्र दर्प आला तर निघा तिथून.

सिॲटलहून

इथे डंजनेस खेकडा मिळतो, पाठ रुंद, तांबूस-तपकिरी. उन्हाळ्यात परवाना काढून सापळा टाकता येतो. नियम कडक: फक्त नर ठेवायचा, आमच्या प्युजेट साउंड नावाच्या खाडीत पाठीची रुंदी किमान सव्वासहा इंच. मोजपट्टी खिशात ठेवून फिरतो. मऊ कवचाचाही परत पाण्यात सोडायचा. म्हणजे ठाण्याच्या ताई टोपलीत जे करतात तेच इथे कायद्याने करून घेतात.

मादी ठेवायचीच नाही म्हटल्यावर लाखेचा प्रश्नच मिटला. आई इथे आली तेव्हा तिला हे पटवून देताना नाकी नऊ आले. "एवढ्या मोठ्या चिंबोऱ्या आणि लाख नाही, मग काय उपयोग?" शेवटी तिनेच बेसनात आतला पिवळसर भाग घालून पाठी भरल्या. मी मात्र हल्ली तो भाग टाकतो. पाण्यात विषारी शैवाल वाढलं की त्याचं विष तिथेच साठतं आणि शिजवूनही जात नाही. इथला आरोग्य विभागही तो खाऊ नका असंच सांगतो.

मसाल्याचं म्हणाल तर डंजनेसचं मांस फार गोड. आपलं वाटप नेहमीइतकं घातलं की फक्त वाटपच लागतं. मी निम्मं करतो, खोबरं कमी, कोकम तेवढंच. अमेरिकन शेजारी नुसता उकडून लोण्यात बुडवून खातात. तेही वाईट नाही, आईला सांगू नका.

चिपळूणहून

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पहिल्यांदा खाणारा पाहुणा असेल तर आधी विचारा, कोळंबी चालते का? कवचाच्या माशांची ॲलर्जी असलेल्यांना बहुधा दोन्ही बाधतात, आणि ती शिजवल्याने जात नाही. माझ्या नणंदेला नुसत्या रश्श्याने ओठ सुजले आणि श्वास लागला, थेट दवाखान्यात न्यावं लागलं. आता खेकडे असतात त्या दिवशी तिच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा डाव.

नाशिकहून

प्रश्न आहे. भाऊ अलिबागहून येताना आज रात्री काळ्या चिंबोऱ्या आणतोय, जिवंत, बांधलेल्या. उद्या घरात संकष्टी, करता येणार नाहीत. परवापर्यंत टिकतील का? बादलीत पाणी भरून ठेवू?

पेणहून

बादली नको हो! नळाच्या साठलेल्या पाण्यात गुदमरून मरतात. खाडीची चिंबोरी कल्ले ओले राहिले तर पाण्याबाहेर सहज दिवस-दोन दिवस जगते. गोणपाट भिजवून पिळा, त्यात दोरीसकट गुंडाळून पसरट टोपलीत ठेवा, मोरीत सावलीला. एकावर एक रचू नका. सकाळ-संध्याकाळ गोणपाटावर पाण्याचा हबका मारा. परवा सकाळी डोळ्याजवळ काडी नेऊन बघा, डोळा आत ओढला तर जिती. एखादी हललीच नाही तर तेवढी टाकून द्या, बाकीच्यांचं करा. आणि भावाला आत्ताच फोन करा, पिशवीचं तोंड गच्च बांधून आणू नको म्हणावं.