जुन्या वास्तूत जागून काढलेली रात्र : तुमचे अनुभव लिहा

माझं लहानपण कसबा पेठेत गेलं. शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. अमावास्येच्या रात्री तिथून 'काका, मला वाचवा' ऐकू येतं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. रात्री उठायची वेळ आली की आधी कान द्यायचा आणि मगच दाराची कडी काढायची.

ती भीती कुठेतरी शिल्लक होती, म्हणूनच गेल्या महिन्यात आम्ही चौघं मुद्दाम एका वाड्यात रात्रभर जागलो. वाईच्या बाजूला मित्राच्या आजोळचा दोन चौकी वाडा आहे, बारा वर्षं बंद. माळ्यावर कोणीतरी धापा टाकतं, असं गावात सांगतात. एक रेकॉर्डर, दोन थर्मामीटर, विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा एक ईएमएफ मीटर आणि थर्मासभर चहा घेऊन गेलो. माजघरात सतरंजी टाकली. साडेबारापर्यंत गप्पा, मग ठरल्याप्रमाणे सगळे गप्प. एकच्या सुमारास तुळया वाजायला लागल्या. दिवसभर तापलेलं सागवान रात्री गार होताना आकसतं हे मला ठाऊक होतं, तरी दर 'कट्'सरशी पोटात गोळा येत होता. आणि दोन चाळीसला वरून श्वास ऐकू आला. लांब, खरखरीत, दमेकऱ्यासारखा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मित्राने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की सकाळी त्यावर बोटांचे वळ होते.

उजाडल्यावर जिना चढलो. तुळईखाली अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडल्या होत्या. एक फोडली तर आत केसांचा पुंजका आणि उंदराची अख्खी कवटी, दातांसकट. वर कोनाड्यात गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं. बदामाच्या आकाराचे पांढरे चेहरे आमच्याकडे वळवून तोच श्वास टाकत होती.

परतताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. 'धापा' हा शब्द गावाने आधीच आमच्या कानात घातला होता. तो घातला नसता तर त्या आवाजाला आम्ही काय म्हटलं असतं? म्हणून ही विनंती. ज्यांनी जुन्या वाड्यात, गढीत, किल्ल्यात, बंगल्यात रात्र काढली आहे त्यांनी लिहावं. त्या जागेबद्दल आधी काय ऐकलं होतं ते पहिल्यांदा सांगा, मग काय घडलं ते. उलगडा झाला नसेल तरी लिहा. इथे कुणाची टिंगल होणार नाही, ती जबाबदारी माझी.

*

माझ्या सासरी वाड्यात एक बाळंतिणीची खोली आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी घर दाखवलं, त्या खोलीपाशी आल्या आणि पाऊल न थांबवता म्हणाल्या, "इथे आपण झोपत नाही." पुढे जावेकडून कळलं की फार वर्षांपूर्वी घरातली एक सून पहिल्याच बाळंतपणात तिथे गेली, आणि रात्री बांगड्या वाजतात. मी स्वतः ऐकल्यात. दिवाळीला सगळे जमलो असताना, सोप्यावर झोपलेल्या आम्ही तिघींनी ऐकल्यात. किणकिण, मग शांतता, मग पुन्हा एकदाच किण्.

सासूबाई गेल्या त्या वर्षी वाडा विकायची बोलणी सुरू झाली. मी ठरवलं की विकण्याआधी एक रात्र त्या खोलीत काढायची. यजमान नको म्हणत होते, मग म्हणाले मी बाहेर ओटीवर थांबतो. मीटर वगैरे माझ्याकडे काही नव्हतं. चटई, बॅटरी आणि पाण्याचा तांब्या. खोलीत शेणामातीचा आणि जुन्या कापसाचा वास होता. कोनाड्यात तेलकट काळा डाग, तिथे कधीकाळी पणती असणार.

पावणेचारला वाजलं. मी उठले. खरं सांगते, पाय कापत होते. भिंतीला हात लावत लावत आवाजाच्या मागे गेले. खोलीची मागची भिंत आणि सोप्याची भिंत एकच आहे. सोप्यावरचा झोपाळा कधीच काढला होता, पण त्याच्या पितळी कड्या तुळईला तशाच लटकत होत्या. पहाटेच्या गार वाऱ्याने एक कडी दुसरीवर टेकत होती. हात लावला, थांबली. सोडली, थोड्या वेळाने पुन्हा वाजली.

भीती गेली, पण मला झोप लागली नाही. ती बाई कोण होती हा विचार जाईना. सकाळी यजमानांना विचारलं, तिचं नाव काय? त्यांना माहीत नव्हतं. आमच्या घराण्याचा छापील कुळवृत्तांत काढला. त्यात आजेसासऱ्यांच्या भावाच्या नावापुढे दोनच शब्द आहेत : 'प्रथम पत्नी'. पुढे दुसऱ्या पत्नीचं नाव, माहेर, मुलं, सगळं. तिचं काही नाही. इतकी वर्षं घरातले सगळे तिला भ्यायलो, आणि नाव एकालाही माहीत नाही.

*

वरचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. ताई, शक्य असेल तर ते नाव शोधाच.

माझा अनुभव एडिंबराचा आहे. नोकरीनिमित्त चार वर्षं तिथे होतो. शहराच्या मध्यावर साउथ ब्रिज नावाचा पूल आहे, १७८८ साली वाहतुकीला खुला झालेला. त्याच्या एकोणीस कमानींपैकी आज एकच उघडी दिसते, बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी झाकल्या गेल्या. त्या कमानींच्या पोटात दगडी तळघरं आहेत. आधी चर्मकार, दारूवाले, कारागीर तिथे काम करायचे, मग ओल वाढली, ते गेले आणि अगदी गरीब माणसं राहायला आली. पुढे ती बुजवली गेली आणि १९८०च्या दशकात पुन्हा उघडली. आता तिकीट काढून रात्री तिथे भूतशोधाला जाता येतं. आम्ही पाचजण गेलो, त्यात मी एकटा मराठी.

वाटाड्याने प्रत्येक खोलीची गोष्ट आधीच सांगितली होती, त्यामुळे कुठे दचकायचं ते आम्हाला ठाऊक होतं आणि तिथेच दचकलो. एका खोलीत मात्र माझ्या मानेवरून गार बोट फिरावं तसं झालं. वर हात नेला तर छतातून झिरपलेलं पाणी.

पण ही चर्चा सुरू करणाऱ्यांना एक सांगायचं आहे. रिचर्ड वायझमन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये याच तळघरांत प्रयोग केला. शेकडो लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि कुठल्या खोलीची ख्याती वाईट आहे ते त्यांना सांगितलं नाही. तरी त्याच खोल्यांतून जास्त अनुभव नोंदले गेले. त्यांनी त्याचा संबंध उजेड आणि खोलीची उंची अशा गोष्टींशी लावला. म्हणजे सगळं कानात घातलेल्या गोष्टीमुळे होत नाही. काही खोल्याच अशा असतात की तिथे माणूस अस्वस्थ होतो, आणि गोष्ट बहुधा त्या अस्वस्थपणावर मागून चढते.

*

शनिवारवाड्यापासून पाच मिनिटांवर चाळीस वर्षं राहतो आहे. रात्री आत जायला परवानगी नाही, त्यामुळे लोक दिल्ली दरवाजासमोर मोबाइल धरून उभे असतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ला झाला तो भर दुपारी. आणि ज्या दालनांतून ते धावले ती उरलेलीच नाहीत. फेब्रुवारी १८२८च्या आगीत आतलं सगळं लाकडी काम गेलं, आग आठवडाभर धुमसत होती. उरली ती जोती, कारंजी, तट आणि दरवाजे. मी स्वतः एकदाही काही ऐकलेलं नाही. पण नारायण दरवाजावरून जाताना आजही पाय जड होतो. अठरा वर्षांचा पोरगा, बायको पोटुशी. भूत नसलं म्हणून ते विसरायचं का?

*

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो, मराठवाड्यात. एका गावातल्या पडक्या गढीवर रात्री दिवा फिरतो अशी बोलवा होती. आम्हाला एरवी फरक पडला नसता. पण गढीच्या पाठीमागे एक विधवा बाई एकटी राहायची आणि एका भगताने तिचं नाव घेतलं होतं. करणी हीच करते, दिवा हिचाच. तिचं पाणी तोडलं होतं. पोराला शाळेत कोणी शेजारी बसवून घेत नव्हतं.

आम्ही अमावास्या निवडली आणि गावातल्या सात माणसांना बरोबर घेतलं. हे महत्त्वाचं आहे. आपण एकट्याने रात्र काढून सकाळी सांगितलं तर कोणी मानत नाही. बुरुजावर बसलो. अकरा दहाला दिवा दिसला. समोरच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीवर पिवळा ठिपका उठला, डावीकडून उजवीकडे सरकला, विझला. बरोबरचे दोघे उठून पळाले. आम्ही घड्याळ लावून नोंद करत बसलो. चौथ्या वेळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानेच ओळखलं. लांबच्या घाटात वळणावर ट्रक आला की त्याचा झोत पडक्या तटाच्या भगदाडातून आत यायचा. मग एका पोराला मोटारसायकलवर त्या वळणावर पाठवला, फोनवरून सांगून दिवा चालू-बंद करायला लावला. भिंतीवरचा ठिपका चालू-बंद झाला. पळालेले दोघे तोवर परत आले होते.

दुसऱ्या दिवशी भगताला कायदा वाचून दाखवला. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुणावर करणीचा ठपका ठेवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. बाईंचं पाणी चालू झालं. मात्र पोराशेजारी मुलं बसायला आणखी वर्ष गेलं.

*

आमी मालवणकडचे. घराच्या मागच्या जुन्या घुमटीत राखणदार, म्हणजे जागा राखणारी अदृश्य शक्ती, आसा. मुंबईहून आलेल्या मुलांनी तिथे रात्रभर कॅमेरा लावायचा हट्ट धरला तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "तेका भियाचा नाय, पण तेची वाट अडवची नाय." कॅमेरा लागला नाही. मला त्यात गैर वाटत नाही. आमच्याकडे तो कुणाला छळत नाही, त्याच्या नावाने कुणाला वाळीत टाकत नाहीत. वरच्या गढीची गोष्ट वेगळी, तिथे जाणं भागच होतं.

*

माझा उलगडा झालेला नाही. मेळघाटात इंग्रजांच्या काळच्या एका विश्रामगृहात सरकारी कामासाठी तीन रात्री राहिलो. आधी कोणी काहीच सांगितलं नव्हतं. तिन्ही रात्री तीनच्या सुमारास चिरुटाच्या वासाने जाग आली, ओला, कडवट वास, खिडक्या बंद असताना. निघताना खानसाम्याला सहज विचारलं, तर त्याने भांडी पुसता पुसता मान हलवली आणि म्हणाला, "साहेबांनाही आला का?" जुन्या लाकडात धूर मुरलेला असेल आणि दमट हवेत सुटत असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण तीनच वाजता का, ते मला सांगता येत नाही.

*

वाड्याच्या ताईंना : कड्यांना तेल घातलंत का? की काढून टाकल्या?

*

उशिरा उत्तर देते आहे, कारण मध्ये नाशिकला जाऊन आले. यजमानांची एक आत्या तिथे असते, नव्वदीची. ऐकू कमी येतं, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. मग नाव सांगितलं, सासरचं आणि माहेरचंही. म्हणाल्या, "गोरी होती, मला गजरा करून द्यायची." नाव इथे लिहीत नाही, पण कुळवृत्तांतातल्या त्या दोन शब्दांपुढे शाईने लिहिलं आहे.

वाडा अजून विकलेला नाही. कड्या तशाच आहेत. तेल घातलेलं नाही.