चूक कबूल केली की धाक जातो?

गणितमास्तर: परवाच्या पोस्टमधलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. 'वरच्या माणसाने चूक गुपचूप दुरुस्त करावी, खालच्यांसमोर कबूल केली की धाक संपतो.' मी ३१ वर्षं गणित शिकवलं. आठवीच्या वर्गात एकदा कंस सोडवला आणि आतलं चिन्ह बदलायचं राहिलं. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तिथे अधिक येईल ना?" मी म्हटलं, "बस खाली." सहामाहीला ११ पेपरांत तीच चूक. लाल शाईने फुल्या मारत गेलो. अकरावा पेपर तिचा निघाला. बरोबर येत असूनही तिने माझ्यासारखं चुकीचं लिहिलं होतं. हा तुमचा धाक! दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते गणित पुन्हा मांडलं आणि चूक माझी होती हे वर्गाला सांगितलं.

खतावणी: ती पोस्ट माझीच. सर, तुमची नोकरी पक्की होती. मी कंपनीत हिशेब बघतो. एका पुरवठादाराच्या बिलाचे पैसे माझ्याकडून दोनदा दिले गेले. मीच जाऊन साहेबांना सांगितलं, पैसे चार दिवसांत परत आणले. पगारवाढीच्या वेळी वर्षभराच्या कामातलं तेवढंच त्यांच्या लक्षात होतं. शेजारच्या टेबलावरचा तोंड मिटून बसतो, तो आज माझा वरिष्ठ आहे. कबुली ज्याला परवडते त्याने द्यावी.

वानखेडे पूर्व: परवडण्याचं काय घेऊन बसलात? १९८०, वानखेडे, भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी क्रिकेट कसोटी. इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या आपल्या कर्णधाराला, विश्वनाथला, चेंडूला बॅट लागलेली नाही हे दिसलं आणि त्याने स्वतः टेलरला परत बोलावलं. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांतच गेले होते!

खतावणी: आणि पुढे? टेलर-बोथमची १७१ ची भागी, आपण १० गड्यांनी हरलो. माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

वानखेडे पूर्व: टेलरच्या ४३ धावांनी हरलो? बोथमने शतक ठोकलं आणि सामन्यात १३ बळी घेतले, ते कुठे गेलं? दुसऱ्या डावात आपण १४९ वर आटोपलो, तेही विश्वनाथच्या माथी? धावफलक न बघता बोलू नका.

खतावणी: ५ बाद ५८ वरून सामना हातचा जातो आणि धावफलक मी बघायचा? देशाचा सामना होता, विश्वनाथच्या घरचा नव्हे.

वानखेडे पूर्व: खोट्या बळीवर जिंकलेला सामना तुम्हाला लखलाभ. माझे वडील त्या सामन्याला होते. हरल्याचं त्यांनी घरी कधी काढलं नाही, टेलर परत फिरला ते मात्र शंभरदा सांगितलं.

गणितमास्तर: अहो, चूक पंचांची होती, विश्वनाथची नव्हे. दुसऱ्याची चूक निस्तरणं निराळं. स्वतःची सांगताना जीभ जड होते, बोलायचंय ते त्याबद्दल.

खतावणी: मग सांगा सर, त्या ११ जणांचे गुण वाढवलेत का?

गणितमास्तर: नाही. गुण तक्त्यावर चढले होते. खाडाखोड करायची तर मुख्याध्यापकांसमोर उभं राहून कारण सांगावं लागलं असतं. मुलांसमोर बोललो, तिथे जाववलं नाही. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे.